'द व्हाइट रिबन' बघायला येण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या सोलापूरच्या फिल्म सोसायटीचा हा कार्यक्रम जाहीर केल्यापासून तेच ते प्रश्न येतायत. काही व्हॉट्सअ‍ॅपवर, काही फोनवर, काही तर नव्या पेठेत गाडी लावताना अडवून. एका ज्येष्ठ सदस्यांनी रात्री साडेअकराला फोन करून विचारलं, "त्यात मांजर मरतं का?" मांजर मरत नाही. बाकीची उत्तरं खाली आहेत.

सिनेमा कोणता, कधी आणि कुठे?

मिखाएल हानेके या ऑस्ट्रियन दिग्दर्शकाचा 'द व्हाइट रिबन', साल २००९, भाषा जर्मन, लांबी १४४ मिनिटं. मूळ नाव 'दास वाइसं बांट', म्हणजे पांढरी फीत. आपल्या शाळेच्या भाषेत, पांढरी रिबीन. फेब्रुवारीचा दुसरा रविवार, संध्याकाळी पाच. पाच म्हणजे पाच. जागा नेहमीचीच, वाचनालयाच्या वरचा हॉल. जिना चढवत नसेल तर आदल्या दिवशी कळवा. खुर्चीसकट वर नेणारी दोन दणकट पोरं आहेत आपल्याकडे.

फेब्रुवारीच का? जानेवारीत का नाही घेतला?

जानेवारीत गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वराची यात्रा. नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावरचे पाळणे, घरी आलेले पाहुणे हे सगळं सोडून जर्मन सिनेमाला कोण येणार? आम्हीही येणार नाही. आणि मार्च लागला की ऊन. ऊन म्हणजे पंखे, आणि या सिनेमाचं पंख्यांशी वाकडं आहे.

याला पार्श्वसंगीत अजिबात नाही. पात्रं स्वतः गातात, वाजवतात तेवढंच संगीत. चर्चमधलं मुलांचं गाणं, वाड्यावरची बासरी, सुगीच्या सणातला नाच. बाकी सगळी शांतता, आणि त्या शांततेत पावलं, दाराची कडी, कुणाचा तरी श्वास. आपल्या हॉलचे सहा पंखे पाचवर फिरायला लागले की तो श्वास गेलाच. फेब्रुवारीत ते एकवर ठेवून भागतं.

तारीख धरताना आम्ही पंचांगही बघतो. हसू नका. दाते पंचांग आपल्याच गावचं, आणि त्याचा आम्हाला होतो तेवढा उपयोग दुसऱ्या कुठल्या फिल्म सोसायटीला होत नसेल. मागे एकदा ऐन शेवटच्या पंधरा मिनिटांत शेजारी वरात आली होती. पडद्यावर एक म्हातारी मरत होती आणि खिडकीतून डीजे. तेव्हापासून लग्नाचा मुहूर्त असलेला रविवार आम्ही घेत नाही.

मी सदस्य नाही. येऊ शकतो का? तिकीट किती?

तिकीट नाही. कार्यक्रम सदस्यांसाठी असतो, आणि प्रत्येक सदस्याला एक पाहुणा आणता येतो. सदस्य ओळखीचा नसेल तर त्या दिवशी साडेचारपर्यंत या, दारातच वर्षाची वर्गणी भरून सदस्य व्हा. विद्यार्थ्यांना निम्मी. कॉलेजचं ओळखपत्र जुनं असलं तरी चालतं, आम्ही एवढे कडक नाही.

फिल्म सोसायटी ही काय भानगड आहे? सिनेमा तर भागवतमध्येही लागतो.

लागतो की. आम्हीही तिथेच वाढलो. पण थिएटरला लागतो तो चालणारा सिनेमा. न चालणारा, दूरदेशीचा, जुना, अवघड सिनेमा बघायचा तर लोकांनी वर्गणी काढून आपला आपण आणायचा, अशी ही जुनी पद्धत. १९४७ साली कलकत्त्यात सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी अशी सोसायटी काढली. १९५९ साली देशभरातल्या सोसायट्यांचा महासंघ झाला, तेव्हा पहिले अध्यक्ष रायच होते. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८ चं. आमचं त्या मानाने कालचं पोर आहे.

हा टेलिग्रामवर फुकट मिळतो. तोच पेनड्राइव्हवर आणून दाखवला तर वर्गणी वाचेल की.

वाचेल. पण नाही. घरच्या ओटीटीची वर्गणी घरापुरती असते, विकत घेतलेली डीव्हीडीही घरी बघण्यासाठी असते. हॉलमध्ये लोकांना दाखवायचा तर हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची परवानगी आणि त्याचे पैसे. तुमच्या वर्गणीतला मोठा वाटा तिथेच जातो. हा प्रश्न विचारणाऱ्यांत दोन वकील होते, हे इथे नोंदवून ठेवतो.

गोष्ट काय आहे? शेवट न सांगता सांगा.

१९१३-१४. पहिलं महायुद्ध अजून सुरू व्हायचंय. उत्तर जर्मनीतलं आइखवाल्ड नावाचं खेडं. नकाशात शोधू नका, गाव काल्पनिक आहे. निम्मं गाव जहागीरदाराकडे राबतं. एके दिवशी गावचा डॉक्टर घोड्यावरून घरी येत असतो आणि दोन झाडांमध्ये कुणीतरी बारीक तार बांधलेली असते. घोडा कोसळतो, डॉक्टर दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी तार गायब. मग एकेक सुरू होतं. लाकडाच्या गिरणीत एक शेतकरीण कुजलेल्या फळीतून खाली पडून मरते. जहागीरदाराच्या लहानग्या मुलाला कुणीतरी बांधून छड्यांनी मारतं. कोठाराला आग लागते. गावात नवा आलेला तरुण मास्तर हे सगळं बघत असतो, आणि म्हातारपणी तोच आपल्याला गोष्ट सांगतो. पहिल्याच वाक्यात तो कबूल करून टाकतो की मी सांगतोय ते सगळं खरंच असेल असं नाही, बरंचसं ऐकीव आहे.

मोठ्या माणसांना या गावात फारशी नावं नाहीत, हुद्दे आहेत. जहागीरदार, कारभारी, पाद्री, डॉक्टर, सुईण, मास्तर. माढा-मोहोळकडच्या कुठल्याही गावात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडेही पाटलाला पाटील आणि मास्तरला मास्तरच म्हणायचे, नाव पोस्टमनला ठाऊक. नावं आहेत ती मुलांना. तरीही पहिल्या अर्ध्या तासात कोण कुणाचं पोर याचा गोंधळ उडतो, म्हणून दारात एक पान देणार आहोत. घरांची नावं आणि कुठल्या घरात कोणती मुलं, एवढंच आहे त्यात. अंधार व्हायच्या आत एकदा वाचून घ्या.

आणि ती रिबीन?

पाद्र्याची मुलं संध्याकाळी उशिरा घरी येतात. त्याबद्दल त्या रात्री सगळं घर उपाशी झोपतं, मुलांना छड्या ठरतात, आणि थोरल्या दोघांना पांढरी रिबीन बांधायची असं फर्मान निघतं. मुलीच्या केसांत, मुलाच्या दंडाला. लहान होतात तेव्हा बांधायचो, तुम्हाला निरागसपणाची आठवण राहावी म्हणून. आता पुन्हा बांधावी लागतेय, असं बाप शांतपणे सांगतो. आवाज जराही चढत नाही. मारापेक्षा ते शांतपणे सांगणं जास्त लागतं.

आमच्या निवड समितीतल्या दोघी या प्रसंगाला एकदमच बोलल्या. दोन वेण्या वर बांधून, त्यावर रिबिनीची फुलं. सोमवारी पांढरी विसरली की हात पुढे, आणि फूटपट्टी आडवी नाही, उभ्या कडेनं. चाळीस वर्षं झाली त्याला. एकीनं तळहात बघितला सुद्धा.

गुन्हेगार कोण ते शेवटी कळतं का?

नाही. हे आधीच सांगतो, कारण हे न सांगता दाखवलं तर दिवे लागल्यावर अर्धा हॉल आमच्या अंगावर येतो, "पुढची रीळ राहिली काय की?" म्हणून. रीळ पूर्ण आहे. मास्तरला एक संशय येतो, तो बोलूनही दाखवतो, आणि गावातला सगळ्यात सज्जन माणूस त्याला धमकी देऊन गप्प बसवतो. इतकंच. एकामागून एक पुरावे जुळवत बसलात तर दोन तास फुकट जातील. तार कुणी बांधली यापेक्षा, ज्याच्या-त्याच्या घराचं दार लागल्यावर आत काय चालतं, याकडे कान ठेवा. सिनेमा तिथेच आहे.

"अस्वस्थ करणारा" असं पोस्टरवर लिहिलंय. नेमकं काय काय आहे?

गुळमुळीत न बोलता सांगतो, म्हणजे ठरवायला सोपं जाईल. लहान मुलांना घरच्यांकडून मार, उपास आणि त्याहून वाईट, अपमान. बापाकडून मुलीचं लैंगिक शोषण. फार दिसत नाही, पण काय आहे ते कळतं. डॉक्टर एका बाईशी इतकं घाणेरडं बोलतो की तो प्रसंग पूर्ण सिनेमात सगळ्यात हिंसक वाटतो आणि त्यात कुणी कुणाला हातही लावत नाही. एका गतिमंद मुलाचा छळ झालेला असतो. छळ दाखवलेला नाही, नंतरचा मुलगा दाखवलाय. एक आत्महत्या. घोड्याचं पडणं. पिंजऱ्यातला एक पाळलेला पक्षी मारला जातो. ज्यांच्या घरात यातलं काही घडून गेलंय त्यांनी आधी आम्हाला विचारा, कितव्या मिनिटाला काय आहे याचा कागद आमच्याकडे आहे. नाही आलात तरी कुणी काही म्हणणार नाही.

म्हणजे खूप रक्त, मारामारी?

जवळजवळ नाहीच. थरारपट बघून तयार झालेल्या मंडळींना पहिला तास कंटाळाही येईल.

छड्यांचा प्रसंग घ्या. कॅमेरा बाहेरच्या लांब बोळात उभा. मुलं आत जातात, दार लागतं. पुन्हा उघडतं, मुलगा बाहेर येतो, बोळातून चालत पलीकडच्या खोलीत जातो, छडी घेऊन परत येतो. स्वतःला मारायची छडी स्वतः आणतो. दार पुन्हा लागतं. कॅमेरा हलत नाही. आपण बंद दाराकडे बघत बसतो, आणि मग आवाज येतो.

हा प्रसंग मी चार वेळा पाहिलाय. चारही वेळा मला त्या खोलीतलं सगळं दिसलं, जे दिग्दर्शकानं दाखवलेलंच नाही. कपाट कुठे, खिडकी कुठे, हात कुणी धरलेत. ती खोली जर्मनीतली नव्हती.

इतका त्रास देणारा सिनेमा दाखवायचाच कशाला? लोकांना आधीच कमी टेन्शन आहेत का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला, आणि खरं सांगायचं तर समितीतही आला. पाचपैकी दोघे विरोधात होते. म्हणून ठरवलं की आधी पाचांनी एकत्र बघायचा. एकाच्या घरी, दिवाणखान्यात, टीव्हीवर. त्यात एक निवृत्त मास्तर आहेत. तीसेक वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली त्यांची, शेवटची काही अक्कलकोट तालुक्यात. सिनेमा संपला, चहा झाला, गप्पा झाल्या, मास्तर गप्प. निघताना चप्पल घालता घालता म्हणाले, "मी मारायचो तेव्हा दार उघडंच असायचं. सगळ्या वर्गासमोर. कुणाला काही वाटायचं नाही. मलाही नाही." जिन्यात थांबून पुन्हा म्हणाले, "दाखवा." मतदान तिथेच संपलं.

योगायोग असा की हा सिनेमा ज्या साली आला त्याच साली, २००९ मध्ये, आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा झाला. त्याचं सतरावं कलम शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं. जर्मनीत २००० साली कायद्यानं मुलांना घरातही मारहाणीविना वाढण्याचा हक्क दिला. आपलं सतरावं कलम शाळेच्या फाटकापर्यंत येतं. फाटकाबाहेर पुढे काय, हे ज्याच्या-त्याच्या दाराआड.

सोलापूरचा काय संबंध, असंही एकांनी विचारलं. १८७७ साली जुनी मिल उभी राहिली, आणि पुढे या शहराची घरं भोंग्यावर चालायला लागली. पहिल्या पाळीचा बाप घरी येऊन झोपला की वाड्यातली सगळी पोरं चिडीचूप, खेळायचं तर तालमीच्या मागे. मागाच्या खड्ड्यात दिवसभर वाकून बसलेल्या माणसाचा राग संध्याकाळी कुणावर निघायचा, हे सांगायला कुठला परदेशी सिनेमा लागत नाही. पण ते आपण घरात बोलत नाही. दुसऱ्याच्या गावाची गोष्ट समोर असली की बोलता येतं. आमचा तेवढाच अनुभव आहे, आणि तेवढ्यासाठीच हा खटाटोप.

आणि हो, अस्वस्थ करणारा शेवट आपल्याला नवा नाही. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळ्यांनी 'फँड्री'च्या शेवटी जब्याच्या हातून दगड भिरकावला, तो थेट आपल्या अंगावर येतो. तो चालला की.

हा हिटलरवरचा सिनेमा आहे असं कुठेतरी वाचलं.

हिटलरचं नावही यात नाही. पण हिशेब करून बघा. १९१३ साली दहा वर्षांचं पोर १९३३ साली, नाझी सत्तेवर आले तेव्हा, तिशीत होतं. सिनेमाला जर्मनीत एक उपशीर्षक आहे, 'एक जर्मन बालकथा' अशा अर्थाचं, त्यामुळे बहुतेकांनी तो तसाच वाचला. हानेके मात्र मुलाखतींत सांगत आलेत की हे फक्त जर्मनीपुरतं घेऊ नका. एखादं तत्त्व एकदा अंतिम मानलं की कुठेही हेच होतं.

मला इथे नेहमी डॉ. कोटणीस आठवतात. आपल्या सोलापुरात १९१० साली जन्मले, म्हणजे या सिनेमातल्या धाकट्या पोरांच्या बरोबरीचे. १९३८ साली ते चीनमध्ये जखमींची सेवा करायला गेले. त्याच पिढीतल्या जर्मन पोरांचं तेव्हा काय चाललं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. यातून काही सिद्ध होत नाही. कोटणीसांना लहानपणी मार बसला की नाही, मला काय माहीत! पण डोक्यात येतं खरं.

पाद्री वाईट दाखवलाय. ख्रिस्ती धर्माची बदनामी तर नाही?

आमच्या सदस्यांत ख्रिस्ती घरातले लोक आहेत, त्यांच्यातल्याच एकीनं हा सिनेमा सुचवला. पाद्री राक्षस नाही. तो मुलांवर मनापासून प्रेम करतो, अडचण तीच आहे. त्याचा लाडका पक्षी मेल्यावर धाकटा मुलगा आपला स्वतःचा पक्षी पिंजऱ्यासकट त्याला आणून देतो, बाबा दुःखी आहेत म्हणून. त्या वेळचा बापाचा चेहरा बघा. बोलता येत नाही त्याला. बुर्कहार्ट क्लाउसनर या नटानं तो क्षण असा केलाय की त्याचा राग धरून बसणं अवघड जातं. पाद्र्याच्या जागी कीर्तनकार ठेवा, हेडमास्तर ठेवा, पैलवान ठेवा. गोष्ट बदलत नाही.

जर्मन येत नाही, इंग्रजी सबटायटल्स भराभर जातात. कसं करायचं?

संवाद कमी आहेत, आणि मास्तरचं निवेदन संथ आहे. इंग्रजी वाचायची फार सवय नसेल तर पुढच्या तीन रांगांत बसा, त्या मोकळ्या ठेवतोय. शिवाय मास्तरच्या निवेदनाचा मराठी सारांश त्या नावांच्या पानामागे छापलाय.

एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधतो, कारण ती इंग्रजी वाचताना निसटते. पाद्र्याची मुलं बापाला 'हेर फाटर' म्हणतात. शब्दशः घेतलं तर 'श्रीयुत वडील'. इंग्रजी सबटायटलमध्ये सगळ्यांना एकच 'यू', त्यात बाप, नोकर, कुत्रं सगळे सारखे. मराठीत हा फरक आपल्या हाडात आहे. 'ए बाबा' म्हणणारं घर आणि 'अहो बाबा' म्हणणारं घर, दोन्ही आपण पाहिलीत. कानडीत 'नीवु' आहे, तेलुगूत 'मीरु' आहे, म्हणजे आपल्या हॉलमधल्या जवळपास प्रत्येकाला जर्मन ऐकून जे कळेल ते इंग्रजी वाचून कळणार नाही. 'हेर फाटर' ऐकू आलं की मनातल्या मनात 'तुम्ही' घालून वाचा. अख्खा प्रसंग थंडगार पडतो.

कृष्णधवल आहे म्हणजे जुना असणार. प्रिंट खराब नाही ना?

जुना नाही, मुद्दाम तसा केलाय. चित्रीकरण रंगीत फिल्मवर झालं आणि नंतर रंग काढून टाकले. छायालेखक क्रिस्टियान बेर्गर. त्यांना ऑस्करचं नामांकन होतं. रात्रीचे प्रसंग दिव्याच्या आणि मेणबत्तीच्या उजेडातले, त्यात काळ्यात काळं मिसळलेलं. म्हणून हॉल पूर्ण अंधारा लागतो, आणि फेब्रुवारीत पाच वाजता बाहेर लख्ख ऊन असतं. यावर आमचा सोलापुरी उपाय असा, की खिडक्यांना चादरी. पडद्यांवर खर्च करून पाहिला, उजेड येतोच. दुहेरी घडी घातलेली जकार्ड चादर मात्र किरणही आत सोडत नाही, वर रस्त्यावरचा आवाजही थोडा खाते. यंदा आठ खिडक्यांना सोळा लागणार आहेत, अकरा जमल्यात. कुणाच्या कपाटात लग्नातल्या आहेराच्या पडून असतील तर द्या.

पारितोषिकं कोणती?

२००९ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक, सुवर्ण ताडपर्ण. त्या वर्षी परीक्षक मंडळाच्या अध्यक्ष होत्या इझाबेल ह्युपेर, ज्यांनी याच दिग्दर्शकाच्या सिनेमात काम करून २००१ साली कानलाच अभिनयाचं पारितोषिक घेतलं होतं. त्यामुळे "वशिला" अशी कुजबुज झाली नसती तरच नवल. मग गोल्डन ग्लोब, युरोपियन फिल्म अवॉर्ड. ऑस्करला दोन नामांकनं, मिळालं काही नाही. तीनच वर्षांत हानेकेंनी पुढच्या सिनेमाला पुन्हा सुवर्ण ताडपर्ण घेतलं, तेव्हा वशिल्याची चर्चा मिटली.

मुलांना आणू का? सिनेमात तर सगळी मुलंच आहेत.

नाही. मुलांविषयीचा आहे, मुलांसाठीचा नाही. अठरा पूर्ण असलेल्यांनाच प्रवेश. घरी ठेवायला कुणी नाही ही अडचण खरी आहे, म्हणून खाली वाचनालयात दोन सदस्य बसणार आहेत. कॅरम आहे, पुस्तकं आहेत, एक जण कागदाची विमानं फार छान करतो. पाच वर्षांच्या वरची मुलं तिथे सोडा. आधी नाव कळवा, म्हणजे खाऊ तेवढा आणतो.

मध्यंतर?

नाही. दोन तास चोवीस मिनिटं सलग. ज्यांना साखर आहे त्यांनी खाऊन या, ज्यांना पाण्याची गोळी चालू आहे त्यांनी कडेच्या खुर्च्या घ्या.

मध्येच उठून जावंसं वाटलं तर?

जा. मागचं दार उघडं असतं, बाहेर बाक आहे, पाणी आहे, आणि आमच्यातली एक जण तिथे बसलेली असेल. ती स्वतःहून काही विचारणार नाही. परत आत यायचं असलं तरी या. एवढंच करा, दार आपटू देऊ नका. या सिनेमात दाराच्या आवाजानं लोक दचकतात.

मोबाइल?

बंद. सायलेंट नाही, बंद. खुर्चीवर थरथरणारा फोन या शांततेत पिठाच्या गिरणीसारखा वाजतो.

चर्चेला थांबावंच लागतं का? मला सिनेमातलं काही कळत नाही.

थांबावं लागत नाही. पण थांबलात तर बरं. दिवे लागल्यावर पहिली दहा मिनिटं कुणीच बोलायचं नाही, चहा घ्यायचा. हा नियम आम्ही ठेच लागून केला. पूर्वी दिवा लागताच एखादा उठून दिग्दर्शकाला काय म्हणायचंय ते सांगायला लागायचा आणि ज्यांना खरंच काही म्हणायचं होतं ते निमूट जिना उतरायचे. आता पहिला प्रश्न ठरलेला असतो: काय आठवतंय? अर्थ नंतर. कुणाला कोबीचं शेत आठवतं, कुणाला घोडा, कुणाला नुसता बोळ. मराठीत बोला, कानडीत, तेलुगूत, दख्खनीत बोला, शेजारचा सांगेल अर्थ. तुमच्या घरचं काही बोललात तर ते हॉलबाहेर जाणार नाही आणि आमच्या मासिक वृत्तांतातही येणार नाही. साडेआठला आवरतो, म्हणजे सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडणाऱ्यांनाही थांबता येईल.

चर्चेनंतर कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. सिनेमा चालू असताना का नाही, हे कडक भाकरी खाल्लेल्या माणसाला सांगावं लागू नये.

पुढच्या महिन्यात तरी काही हसवणारं दाखवा.

दाखवतो. फ्रेंच आहे, मूकपट नाही पण बोलणं जवळजवळ नाही, आणि त्यात कुणीही मरत नाही. पंखे पाचवर ठेवले तरी चालतील.

खिडकीसाठी दिलेली चादर परत कधी मिळणार?

सोमवारी संध्याकाळी सहानंतर वाचनालयातून. चादरीच्या कोपऱ्याला चिठ्ठी टाचून त्यावर नाव लिहा. मागच्या वेळी मोर असलेल्या चार चादरी आल्या होत्या आणि कुठला मोर कुणाचा यावरून सिनेमापेक्षा जास्त चर्चा झाली. एक मोर अजून आमच्याकडेच आहे.